चिमूटभर गेरू

आमच्या लहानपणी, पुण्याच्या पेठेतल्या वाड्यात, वसुबारसेच्या आदल्या दिवशी अंगण सारवलं जायचं आणि दारापुढचा चौकोन गेरूनं रंगवला जायचा. आई वाण्याकडून आणलेली पुडी वाटीत सोडायची, वर पाणी घालायची आणि चिंधीच्या बोळ्यानं चौकोन भरून काढायची. त्यावर पांढरी रांगोळी उठून दिसे. बोटांना लागलेला तो लाल रंग दोन-दोन दिवस जात नसे.

१९८१ साली पुण्याजवळच्या एका सरकारी प्रयोगशाळेत मी रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांनी टेबलावर एक काचेची बाटली ठेवली. आत तोच लाल रंग. लेबलावर ‘फेरिक ऑक्साइड’. आईचा गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड मिसळलेली माती. ही पूड शुद्ध होती आणि पिठापेक्षा कितीतरी बारीक होती, एवढाच फरक. “ही रॉकेटच्या इंधनात घालायची,” वरिष्ठ म्हणाले. मला वाटलं, रंगासाठी असेल. मी तसं बोलूनही दाखवलं. ते हसले नाहीत. “रंगासाठी नाही, वेगासाठी,” एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

त्यानंतरची बत्तीस वर्षं मी हेच पाहत आले: एखाद्या जळणाऱ्या पदार्थात चिमूटभर काहीतरी मिसळलं की त्याच्या जळण्याचा वेग, रीत आणि स्वभाव कसा बदलतो. घरी कुणी विचारलं की सांगताना पंचाईत व्हायची. “कांड्या जाळते आणि घड्याळ बघते,” असं मी सांगायचे. सासूबाईंना ते पटायचं नाही. एवढं शिकून कांड्या जाळायच्या?

आधी घन प्रणोदक म्हणजे काय ते सांगते. रॉकेटला हवेतल्या ऑक्सिजनवर विसंबून चालत नाही. जळणाऱ्यानं आपला ऑक्सिजन आपल्याबरोबरच न्यावा लागतो. आज मोठ्या रॉकेटांमध्ये जे घन प्रणोदक वापरतात त्यात वजनानं सुमारे दोन तृतीयांश वाटा अमोनियम परक्लोरेट या पांढऱ्या, मिठासारख्या दिसणाऱ्या क्षाराचा असतो. ऑक्सिजन तो पुरवतो. पंधरा-वीस टक्के ॲल्युमिनियमची पूड असते. उरलेला भाग म्हणजे रबरासारखा एक बहुवारिक. तो या सगळ्या दाण्यांना बांधून धरतो आणि स्वतः इंधन म्हणून जळतो. कणकेसारखा मळलेला हा घाणा रॉकेटच्या नळकांड्यात ओततात, आणि मंद उष्णतेत काही दिवस ठेवला की तो खोडरबरासारखा घट्ट होतो. मधून आरपार एक पोकळी ठेवलेली असते. पेटवल्यावर ज्वलन या पोकळीच्या भिंतीवर सुरू होतं आणि थर-थर आत, नळकांड्याच्या कवचाकडे सरकत जातं.

या रॉकेटला तोटी नसते. द्रव इंधनाच्या इंजिनात झडप कमी-जास्त करून जोर बदलता येतो, बंदही करता येतो. घन रॉकेट एकदा पेटलं की संपेपर्यंत जळतं. किती वेगानं जळायचं, किती वेळ, किती जोरानं, हे सगळं दोन गोष्टींनी ठरतं: आतल्या पोकळीचा आकार आणि घाण्यात काय काय पडलं आहे. म्हणजे उड्डाणाच्या दिवशी निर्णय घ्यायला काही उरलेलंच नसतं. चकलीच्या भाजणीत मोहन जास्त पडलं की तळताना कितीही सुगरणपणा केला तरी ती तेलात विरायची ती विरतेच. तसंच हे.

जळण्याचा वेग मोजतात तो मिलिमीटरमध्ये. दर सेकंदाला किती मिलिमीटर जाडीचा थर जळून गेला? सर्वसाधारण संमिश्र प्रणोदकाचा वेग रॉकेटमधल्या दाबाला पाच ते पंधरा मिलिमीटरच्या दरम्यान असतो. ऐकायला अगदीच संथ वाटतं. भुईनळा याहून घाईचा असतो असं वाटेल. पण रॉकेटच्या आत जळणारा पृष्ठभाग प्रचंड असतो, म्हणून त्या संथ सरकण्यातूनही दर सेकंदाला टनावारी वायू तयार होतो.

हा वेग मोजायची आमची रीत जुनी आणि साधी होती. प्रणोदकाच्या वडीतून पेन्सिलीच्या जाडीच्या, वीतभराहून आखूड कांड्या कापायच्या. बाजूंना न जळणारा लेप द्यायचा, म्हणजे आग फक्त वरच्या टोकाकडून खाली येईल. ठरावीक अंतरावर भोकं पाडून त्यांतून शिशाच्या मिश्रधातूच्या बारीक तारा ओवायच्या. मग ती कांडी जाड पोलादी भांड्यात उभी करून भांड्यात नायट्रोजन भरायचा, रॉकेटच्या पोटात असतो तेवढा दाब येईपर्यंत. तो वातावरणाच्या पन्नास-साठ पट असतो. वरचं टोक पेटवलं की आग खाली उतरते, एकेक तार वितळते आणि दोन तारा तुटण्यामधला वेळ नोंदला जातो. अंतर भागिले वेळ. झाला वेग. नंतर आणखी एक पद्धत आली: कांडी दाबाखालच्या पाण्यात जाळायची आणि तिचा आवाज टिपायचा. पाण्याखाली जळणारी कांडी ऐकणं हा विलक्षण अनुभव आहे. जळणं चांगलं असेल तर एकसारखी सळसळ येते, आत कुठे हवेचा बुडबुडा राहिला असेल तर मध्येच खाकरल्यासारखा आवाज येतो.

दाबाचा उल्लेख आला, तर तिथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दाब वाढला की प्रणोदक जास्त वेगानं जळतं. हे नातं गणितात मांडलं ते पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनज्ञानं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. बंदुकीची धूर न करणारी दारू बनवणारा तोच. त्याचं सूत्र सांगतं की वेग हा दाबाच्या एका विशिष्ट घाताच्या प्रमाणात वाढतो. त्या घातांकावर रॉकेटचं जगणं-मरणं ठरतं. कारण असं: जास्त दाब म्हणजे जास्त वेग, जास्त वेग म्हणजे जास्त वायू, जास्त वायू म्हणजे आणखी दाब. हे चक्र आवरतं कोण, तर मागचं तोंड. त्यातून बाहेर पडणारा वायू दाबाच्या थेट प्रमाणात वाढतो. घातांक एकाहून कमी असेल तर बाहेर जाणं आत येण्याला गाठतं आणि दाब एका जागी ठरतो. एकाला पोचला किंवा ओलांडून गेला तर रॉकेट उरत नाही.

पण एकाहून कमी असणं पुरेसं नसतं. समजा प्रणोदकाला आत कुठे भेग गेली आणि जळणारा पृष्ठभाग दहा टक्क्यांनी वाढला. घातांक ०.३ असेल तर दाब साधारण १५ टक्क्यांनी वाढेल. कवच तेवढं सोसतं. घातांक ०.८ असेल तर तीच भेग दाब ६० टक्क्यांहून जास्त वाढवते. नवख्यांना हे गणित मी नेहमी फळ्यावर करून दाखवत असे, कारण ते ऐकून पटत नाही. वेग वाढवणारं नवं द्रव्य सापडलं म्हणून कुणी उड्या मारत आलं की आमचा पहिला प्रश्न ठरलेला: “आणि घातांकाचं काय?”

आता गेरूकडे. अर्धा-एक टक्काही नसलेली ही पूड नेमकं करते काय?

जळणाऱ्या प्रणोदकाच्या पृष्ठभागावर नजर नेली तर (आम्ही ती काचेच्या खिडकीतून, झटपट छायाचित्रं घेऊन नेत असू) असं दिसतं की ज्वाळा पृष्ठभागाला चिकटलेली नसते. पृष्ठभागावर क्षार आणि रबर विघटित होतात, त्यांचे वायू बाहेर पडतात, एकमेकांत मिसळतात आणि मग किंचित अंतरावर पेट घेतात. हे अंतर मिलिमीटरच्या अंशाचं असतं. पृष्ठभागाचं तापमान सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास, ज्वाळेचं तीन हजारांच्या घरात. ज्वाळेतली थोडी उष्णता माघारी पृष्ठभागाकडे येते आणि पुढचा थर तिच्यावर विघटित होतो. म्हणजे वेग ठरवते ती एकूण उष्णता नव्हे. ज्वाळा पृष्ठभागापासून किती दूर उभी आहे यावर तो ठरतो. चूल तीच, लाकडं तीच, तवा वर धरला की भाकरी उशिरा भाजते. दाब वाढला की ज्वाळा खाली दबते, म्हणूनच वेग वाढतो.

लोहाचं ऑक्साइड दाब न वाढवता ज्वाळा जवळ आणतं. ते स्वतः जळत नाही, एकूण उष्णतेत भर घालत नाही. रसायनशास्त्रात ज्याला उत्प्रेरक म्हणतात ते हेच. परक्लोरेटचं विघटन त्याच्या सान्निध्यात कमी तापमानाला होऊ लागतं, आणि त्यातून निघणारी आम्ल वाफ आणि रबराचे तुकडे यांची झटापट पृष्ठभागाला खेटून होते. या दोहोंपैकी कोणतं काम मुख्य, यावर माझ्या उमेदवारीच्या काळात दोन तट होते. एक म्हणायचा, सगळं घन अवस्थेतच घडतं. दुसरा म्हणायचा, सीमेवरच्या वायूत. मी निवृत्त झाले तेव्हाही दोन्ही तट शाबूत होते. कांडीला त्याचं काही नव्हतं. ती वेगानं जळत होती.

परक्लोरेटचे दाणे बारीक केले तरी वेग वाढतो, कारण मग क्षार आणि रबर यांच्या वाफा लवकर मिसळतात. त्यामुळे वेग ठरवायला दोन मुठी असतात: एक दाण्याचा आकार, दुसरी ही चिमूट. पहिलीनं मोठा फरक पाडायचा, दुसरीनं सूर जुळवायचा. दुसरी मूठ किती नाजूक, हे पाहायचं तर अमेरिकेच्या स्पेस शटलची उड्डाणं आठवावीत. १९८१ ते २०११ या काळात शटलच्या दोन्ही बाजूंना एकेक घन रॉकेट असे. प्रत्येकात सुमारे ५०० टन प्रणोदक, आणि त्यात लोहाचं ऑक्साइड सुमारे ०.४ टक्के. म्हणजे एकेका रॉकेटात दोन टन गेरू! दोन्ही रॉकेटं एकाच वेळी पेटत आणि सुमारे दोन मिनिटं जळत. एक जरा जास्त वेगानं जळलं तर सगळं यान एका अंगाला ओढलं जाणार. म्हणून दोन्ही बाजूंचे समोरासमोरचे भाग त्याच मालातून, जोडीजोडीनं ओतले जात. (१९८६ चा चॅलेंजरचा अपघात झाला तो जोडावरच्या रबरी कड्यामुळे. जळण्याच्या वेगाचा त्यात दोष नव्हता.) आपल्याकडे चांद्रयान-३ घेऊन १४ जुलै २०२३ रोजी जे रॉकेट उडालं, ते जमिनीवरून उचललं दोन घन रॉकेटांनीच. प्रत्येकात २०० टनांहून जास्त प्रणोदक. मधलं द्रव इंजिन तर पुढे आकाशात पेटलं. टीव्हीवर सगळे टाळ्या वाजवत होते, तेव्हा मी घड्याळाकडे बघत होते: दोन्ही ज्वाळा एकदम विझतात का? विझल्या.

हे ज्ञान आपल्याला सहज मिळालं नाही. घन प्रणोदकाचं रॉकेट आणि क्षेपणास्त्र यांत रसायनशास्त्राला फरक दिसत नाही, त्यामुळे घाण्यात काय किती पडतं हे देश सहजासहजी सांगत नसत. थुंब्याहून १९६३ साली पहिलं रॉकेट उडालं ते अमेरिकन होतं. १९६७ साली विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून वसंत गोवारीकर इंग्लंडहून तिथे आले. पुण्यात जन्मलेले, बर्मिंगहॅमला डॉक्टरेट केलेले आणि बहुवारिकांत मुरलेले. त्यांच्या पिढीनं प्रणोदक, त्याचं रबर आणि त्याचा क्षार हे सगळं इथेच उभं केलं. एरंडेलापासून बनवलेला एक बंधकही त्या खटपटीतून निघाला. १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ नं रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. त्या रॉकेटचे चारही टप्पे घन होते. त्यानंतर वर्षभरातच मी नोकरीला लागले, त्यामुळे प्रयोगशाळेत अजून पेढ्यांचा वास होता असं म्हटलं तरी चालेल.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते.

गेरूला एक मर्यादा आहे. ती पूड आहे, आणि जास्त घालावी तर तेवढं वजन कामाचं राहत नाही, घाणाही घट्ट होतो. त्याहून मोठा वेग हवा असेल तर लोह वेगळ्या रूपात न्यावं लागतं. १९५१ साली फेरोसीन नावाचं एक अजब संयुग उजेडात आलं: कार्बनच्या दोन पंचकोनी कड्यांमध्ये लोहाचा एक अणू, दोन बत्ताशांमध्ये वेलदोडा धरावा तसा. त्याची काही रूपं द्रव असतात, त्यामुळे ती रबरात पूर्ण मिसळतात, पुडीसारखी दाणेदार राहत नाहीत. वेग पुष्कळ वाढतो. आम्हालाही ते मिळालं तेव्हा सगळे खूश होते. पहिल्या वड्या सुरेख जळाल्या.

सहा-सात महिन्यांनी त्याच घाण्यातल्या, नमुना-नळकांड्यात ओतून ठेवलेल्या प्रणोदकाच्या कांड्या पुन्हा जाळल्या. मधल्या भागातल्या कांड्या ठीक होत्या. कडेच्या, म्हणजे नळकांड्याच्या अस्तराजवळून कापलेल्या कांड्या मात्र हळू जळत होत्या. एकदा, दोनदा, दहादा. फरक मोजण्याच्या चुकीत बसणारा नव्हता.

कांड्या कापायचं आणि लेप द्यायचं काम आमच्याकडे एक वयस्क सहायक करत. सगळे त्यांना मामा म्हणत. सातवी शिकलेले, पण हात असा की त्यांनी कापलेल्या कांडीला कॅलिपर लावायची गरज पडू नये. बैठकीत प्रश्न निघाला: चूक कुठे? यंत्र तपासलेलं, तारा नव्या, दाब बरोबर. उरला लेप. लेपाची चूक म्हणजे मामांची चूक. टिपण तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मी ते केलं. ‘नमुन्यांवरील लेप सदोष असण्याची शक्यता’ हे माझं वाक्य होतं. त्यावरून मामांना मेमो गेला.

दुसऱ्या दिवशी मामा माझ्या टेबलाशी आले. हातात तो कागद नव्हता. म्हणाले, “मॅडम, एक विचारू का? लेप माझा फुटका असता तर आग बाजूनं खाली उतरली असती. कांडी लवकर जळली असती. मग ही उशिरा कशी जळली?”

मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर नव्हतं. बाजूनं आग उतरली की वेग जास्त भरतो, कमी नाही, हे मी स्वतः नवख्यांना शिकवत होते. टिपण लिहिताना ते मला सुचलं नाही, किंवा सुचू दिलं नाही.

मग आम्ही कडेचं प्रणोदक आणि त्याला चिकटलेलं रबरी अस्तर दोन्ही वेगवेगळं तपासायला दिलं. लोह कडेच्या थरातून कमी झालं होतं आणि अस्तरात सापडलं. ओतलं तेव्हा अस्तरात लोहाचा कणही नव्हता. फेरोसीन चालत गेलं होतं. लहान रेणू, रबरात सैल बसलेले. महिन्यामागून महिने ते हळूहळू अस्तरात झिरपत राहिले, लोणच्यातलं तेल बरणीवर बांधलेल्या फडक्यात चढावं तसे. त्यातून दोन गोष्टी बिघडतात. कडेचं प्रणोदक मंद होतं, म्हणजे रॉकेटचं अखेरचं जळणं आखल्याप्रमाणे होत नाही. आणि जिथे जळू नये त्या अस्तरात उत्प्रेरक जाऊन बसतो. शिवाय फेरोसीन असलेलं मिश्रण घासण्याला, आघाताला जास्त हळवं असतं. ते कापणाऱ्या हातांना याचा अर्थ काय, ते सांगायला नको. ते हात मामांचे होते.

जगात इतरांनाही हा अनुभव आलेला होता. उपायही निघाले. मोठ्या रेणूचं, जड फेरोसीन वापरायचं, म्हणजे त्याला चालणं जड जातं. किंवा फ्रान्समध्ये केलं तसं ते रबराच्या साखळीलाच रासायनिक गाठीनं बांधून टाकायचं. आम्ही काही काळ गेरूकडे परतलो. तो निदान बसल्या जागी बसतो.

मामांचा मेमो मागे घेतला गेला. मागे घेतल्याचा कागद मेमोच्या मागे, त्याच फायलीत लागला. निवृत्तीच्या वेळी कुणी ती फाईल उघडली असती तर आधी मेमोच दिसला असता.

वेग वाढवणं हे एवढंच काम असतं तर प्रकरण इथे संपलं असतं. पण वर म्हटलं तसा खरा जीव घातांकात असतो, आणि घातांकाशी सगळ्यात चमत्कारिक खेळ करणारं द्रव्य म्हणजे शिसं. नायट्रोग्लिसरीन आणि नायट्रोसेल्युलोज यांचं एक वेगळ्या जातीचं प्रणोदक असतं. लहान क्षेपणास्त्रांत आणि सैन्याच्या रॉकेटांत ते वापरतात, कारण ते धूर कमी करतं. १९४० च्या दशकात अमेरिकेत असं दिसलं की त्यात शिशाचे काही क्षार थोडे घातले की आलेख वेडावाकडा होतो. दाब वाढवत न्यावा तसा वेग आधी भराभर चढतो, मग सड्यावर आल्यासारखा सपाट होतो. दाब वाढतोय आणि वेग जागचा हलत नाही! काही मिश्रणांत तर पुढे तो चक्क उतरतो. रॉकेट बनवणाऱ्याला याहून मोठं वरदान नाही. घातांक शून्याजवळ, भेग गेली, उन्हात तापलं, तरी दाब फारसा उसळत नाही. राजस्थानातल्या उन्हात आणि लडाखच्या थंडीत एकच अस्त्र सारखं चालायचं तर असा सडा लागतोच.

हे का होतं? मी ज्यावर विश्वास ठेवते ती उपपत्ती अशी: कमी दाबाला शिशामुळे पृष्ठभागावर काजळीचा एक जाळीदार थर जमतो. शिशाचे कण त्या काजळीवर बसतात आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा निकाल तिथेच, पृष्ठभागाला लागून लावतात. एरवी ते काम बरंच वर, ज्वाळेजवळ होतं. उष्णता जवळ आली, वेग वाढला. पण दाब आणखी वाढला की ती काजळी टिकत नाही, उडून जाते, आणि शिशाचं काम थांबतं. एका बाजूनं दाब वेग वाढवतो, दुसऱ्या बाजूनं शिसं आपली मदत काढून घेतं. दोन्ही एकमेकांना खातात तेवढ्या पट्ट्यात आलेख सपाट दिसतो. तांब्याचे क्षार जोडीला दिले की हा सडा हवा तिथे सरकवता येतो. सगळं या उपपत्तीत बसतं असं नाही, आणि दुसऱ्या उपपत्त्या मांडणारे माझे मित्र हे वाचून फोन करतीलच.

मात्र शिसं हे शिसं आहे. मिसळताना ते पुडीत असतं, जळल्यावर धुरात. वर्षातून एकदा आमचं रक्त तपासलं जाई आणि तो आकडा बघेपर्यंत जेवण गोड लागत नसे. तरुणपणी मी हातमोज्यांचा कंटाळा केला, याची लाज वाटते. आता बिस्मथचे क्षार घालून तोच सडा मिळवायचा प्रयत्न जगभर चालू आहे. माझ्या शेवटच्या पाच वर्षांत मीही तेच करत होते. सडा मिळतो, पण अरुंद.

ॲल्युमिनियमला पूरक द्रव्य म्हणावं का, यावर वाद घालता येईल. पंधरा-वीस टक्के म्हणजे चिमूट नव्हे. पण त्याची सुरुवात चिमटीनंच झाली. सुरुवातीची गणितं सांगत होती की पाच टक्क्यांच्या पुढे त्याचा लाभ नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या अटलांटिक रिसर्च कॉर्पोरेशनमधल्या कीथ रंबेल आणि चार्ल्स हेंडरसन यांनी गणित बाजूला ठेवून बरंच जास्त घालून पाहिलं, आणि जोर ठळकपणे वाढला. पाणबुडीतून सुटणारं पोलॅरिस त्यातूनच शक्य झालं. माझ्या दृष्टीनं त्याचा दुसरा गुण अधिक मजेचा. रॉकेटची पोकळी ही एक मोठी बासरी असते. आतला दाब त्या पोकळीच्या सुरात डोलायला लागला आणि जळणंही त्याच तालात कमी-जास्त व्हायला लागलं, तर तो सूर चढत जाऊन कवच फोडू शकतो. ॲल्युमिनियम जळून तयार होणारे ऑक्साइडचे बारीक थेंब ही आंदोलनं शोषून घेतात. प्रक्षेपणाच्या वेळी जो पांढराशुभ्र धूर दिसतो, त्यात मुख्यतः तेच थेंब असतात. जळण्याचा वेग मात्र ॲल्युमिनियमनं फारसा बदलत नाही.

वेग कमी करणारी द्रव्यंही असतात, आणि त्यांच्याविषयी कुणी लिहीत नाही, कारण संथपणाचं कौतुक कुणाला? ऑक्झामाइड हे त्यातलं एक. ते पृष्ठभागावर विघटित होताना उष्णता शोषतं, थंड वायू सोडतं आणि ज्वाळेला जरा लांब लोटतं. जे रॉकेट बराच वेळ बेताच्या जोरानं जळायला हवं त्यात ते घालतात. मला ते आवडायचं. त्याच्या कांड्या पाण्याखाली जळताना आवाज फार हळू यायचा, कान देऊन ऐकावा लागायचा.

अलीकडे तरुण मुलं नॅनो कणांचा गेरू वापरतात. कण जितका लहान तितका त्याचा पृष्ठभाग मोठा, तितकं काम जास्त, हे कागदावर बरोबर आहे. पण इतके लहान कण एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात आणि घाण्यात नीट पसरतच नाहीत. मागच्या वर्षी एक विद्यार्थिनी तिचे आलेख घेऊन घरी आली होती. एकाच घाण्यातल्या कांड्यांचे वेग एकमेकांशी जुळत नव्हते. “कांड्या कापणाऱ्याकडून काही चूक होत असेल का?” तिनं विचारलं. मी तिला विचारलं, वेग कमी भरतात की जास्त? तिनं आलेख परत उघडला. काही कमी होते, काही जास्त, आणि जास्तवाल्या सगळ्या वडीच्या तळाच्या बाजूच्या होत्या. मग आम्ही दोघींनी, गेरूची पूड बशीत घेऊन, गोडं तेल घालून ती कशी खाली बसते ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर बघत बराच वेळ घालवला. तेल वाया गेलं. उरलेला गेरू मी डब्यात भरून ठेवला आहे, वसुबारसेला लागेल.